तीन महिन्यांसाठी संभाजीनगरात भाड्याचं घर, सगळं पायी जमेल अशी कॉलनी कोणती?

माहेर_घनसावंगी

नमस्कार मंडळी. डिसेंबर ते फेब्रुवारी असं तीनच महिने छत्रपती संभाजीनगरात घर बघायलेय. धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण, ते माहेरीच करायचं हा आईचा हट्ट, आणि माहेर घनसावंगी तालुक्यात, रात्री कळा सुटल्या तर दवाखाना गाठायला अडीच तास. मग आईनंच तोड काढली की माहेर उचलून शहरात न्यायचं. डॉक्टरांनी १८ जानेवारी तारीख दिलीय. दवाखाना सेव्हन हिल्सजवळ, जालना रोडवरच.

अडचण अशी की घरात गाडी चालवणारं कुणी नसणार. मी पुण्याला, शनिवार-रविवार येईन. नाना ६८ वर्षांचे, शेतात दिवसभर चालतील पण रिक्षावाल्याशी भाव करायचा म्हणलं की घरातच बसून राहतात. बहिणीला रोज चालायला सांगितलंय. म्हणजे दूध, भाजी, मेडिकल, एखादं मंदिर आणि चालायला सपाट जागा, हे सगळं पायी पाहिजे. बजेट १५ हजार. एजंटनं सातारा परिसरात दोन फ्लॅट दाखवले, घरं एकदम नवी, पण खाली उतरून बघितलं तर एका चहाच्या टपरीशिवाय काही दिसलं नाही. कुठं बघू?

सूतगिरणी_चौकातला

ताई, गारखेडा बघा, डोळे झाकून. आता मी इथंच राहतो म्हणून म्हणतोय असं वाटेल, तसं आहेच थोडं. पण विभागीय क्रीडा संकुल पायी अंतरावर असलं की चालायचा प्रश्न मिटतो, सकाळी सहाला तिथं म्हातारी मंडळी, पोलीस भरतीची पोरं, पोट कमी करायला आलेले व्यापारी, सगळे असतात. नानांना दोन दिवसात गप्पा मारायला कुणीतरी घनसावंगी नाहीतर अंबडकडचं भेटतंयच, लिहून घ्या. भाजी सूतगिरणी चौकात, मेडिकल तर दर चार दुकानांमागं एक.

फक्त एक बघा, संकुलाच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमधलंच घर घ्या. शिवाजीनगरच्या पुढं रेल्वेपलीकडं बीड बायपासकडं भाडं कमी होतं आणि एजंट म्हणतो 'गारखेड्यापासून पाच मिनिटं', ती पाच मिनिटं त्याच्या बुलेटवरची असतात.

एन_सात_वाली

गारखेडा चांगलंय, नाही म्हणत नाही, पण दवाखाना जालना रोडला आहे तर आधी हे बघा की तो रोडच्या कुठल्या बाजूला आहे. मॅपवर ७०० मीटर दिसतं आणि मधी जालना रोड असतो. सहा महिन्यांची पोटुशी असताना मी तो रोड ओलांडलाय, मधल्या डिव्हायडरवर उभी राहून दोन्हीकडच्या गाड्या बघत, एका हातात फाईल आणि दुसऱ्या हातानं सासूबाईंना धरलेलं, आणि त्या म्हणायल्या माघारी जाऊ, पण माघारी जायला पण तोच रोड. त्यामुळं दवाखाना उत्तरेला असेल तर सिडकोचं एन-५, एन-६, एन-७ सेक्टर बघा, दक्षिणेला असेल तर ज्योतीनगर, उस्मानपुरा, गारखेडा. सिडको म्हणलं की एजंट एन-२, एन-३, एन-४ पण दाखवतील, ते रोडच्या दक्षिणेला आहे हे ध्यानात ठेवा.

सिडको आखून वसवलेलं आहे, त्यामुळं प्रत्येक सेक्टरला थोडी दुकानं, एखादं मैदान नाहीतर बगीचा, मंदिर हे बहुतेक मिळतंच. एन-८ ला बोटॅनिकल गार्डन आहे, बहिणीला चालायला छान. कॅनॉटच्या अगदी जवळ मात्र घेऊ नका. संध्याकाळी खाण्याच्या गाड्या, पोरांच्या बाईका, बाळ झोपणार कधी. आणि सिडकोत फुटपाथवर विश्वास ठेवू नका, लोकांनी ओटे, जिने, गाड्या सगळं पुढं आणलंय, चालायचं रस्त्यावरनंच, पण आतल्या गल्लीत वर्दळ कमी म्हणून चालतं.

नानांना पत्ता चिठ्ठीवर लिहून द्या हां, खिशात. आमचे मामा पहिल्या दिवशी दूध आणायला गेले, सगळी रो-हाउसं सारखीच, पत्ता असा की एन-९, मग एम-२, मग घर नंबर त्यात परत तिरकी रेघ. पाऊण तासानं शेजारच्या गल्लीतनं फोन, 'मी घराजवळच आहे पण घर दिसंना'.

पाण्याचा_दिवस

कुणी पाण्याचं बोललंच नाही राव. पायी फिरायचं नंतर बघा, आधी प्रत्येक घरी विचारा नळ कितव्या दिवशी येतो आणि जमिनीतली टाकी किती लिटरची. नाथसागर काठोकाठ भरला तरी आपल्याकडं रोज नळ येत नाही हे तुम्हाला माहिती असंलच. जायकवाडीवरनं येणारी ७०० नाहीतर १४०० मिलीमीटरची पाण्याची लाईन कुठं फुटली, लाईट गेली, की कॉलनीचा दिवस पुढं ढकलला. बाळंतिणीच्या घरात पाणी किती लागतं ते आईला विचारा, रोज दोन वेळा बाळाची अंघोळ, तिची अंघोळ, दुपट्यांचा ढीग. मालक सांगंल 'पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही', ते ऐकायचं नाही, वॉचमनला नाहीतर खालच्या किराणावाल्याला विचारायचं की टँकर महिन्यातनं किती वेळा येतो आणि त्याचे पैसे कोण देतं. सातारा-देवळाईकडं तर हे पहिल्यांदा विचारा, तो भाग मनपात उशिरा आलाय, बरेच लोक अजून बोर आणि टँकरवरच आहेत.

दुसरं, गरम पाण्याचा सोलर. तळमजला पाहिजे म्हणाल, बरोबरच आहे, पण टाकी गच्चीवर असते, तीन मजले उतरून येईपर्यंत पाइपातलं सगळं गार पाणी आधी नळातनं सोडावं लागतं, थंडीत पहाटे दोन-दोन बादल्या. आणि वरच्यांनी आधी काढलं तर खाली कोमटच. गिझर आहे का बघा, नसेल तर मालकाला बसवायला लावा.

गोदाकाठचा_पोऱ्या

जालन्यालाच का नाही करत? जवळ पडंल, भाडं पण निम्मं.

माहेर_घनसावंगी

@गोदाकाठचा_पोऱ्या डॉक्टर सुरुवातीपासून इथलेच आहेत दादा, आता शेवटच्या दिवसांत बदलणार का?

भाडेकरू_कायमचा

करारावर बोलतो, कारण तीन महिने म्हणलं की निम्मे मालक दारातनंच परत लावतात. आम्ही काय केलं, नेहमीसारखा ११ महिन्यांचाच करार केला, त्यात एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असं लिहून घेतलं आणि लॉक-इनचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडता येणार नाही असं कलम खोडायला लावलं. एजंटच्या छापील मसुद्यात सहा महिन्यांचं लॉक-इन हळूच असतं, वाचल्याशिवाय सही करू नका. मालकाला मात्र आधीच खरं सांगा की तीन महिन्यांनी जाणार आहोत. बाळंतपणासाठी म्हणलं की, विशेषतः घरात मालकीणबाई असतील, तर ऐकतात. माझा एक मालक डिपॉझिटसाठी तीन महिने फिरवत होता, कारण काय तर भिंतीला खिळे, जे आमच्या आधीच्या भाडेकरूचे होते. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढा, मीटरचा आकडा पण.

आणि 'तीनच महिने तर आहेत, नोटरी करू' म्हणले तरी करू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, त्यात करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. आता माणूस घरी येऊन अंगठे घेऊन ऑनलाइन करून देतो, एका दुपारचं काम. पोलिसात भाडेकरूची माहिती द्यायला पण सांगा.

एक हिशोब तुमचा चुकायलाय. १८ जानेवारीला सव्वा महिना मोजा, २७-२८ फेब्रुवारी येतो. तारीख आठ दिवस पुढं गेली तर मार्च उजाडतो. १५ मार्चपर्यंत धरून चाला, नाहीतर ओली बाळंतीण घेऊन सामान बांधत बसाल.

एन_सात_वाली

हे सव्वा महिन्याचं बरोबर! आणि एक राहिलं, एक तरी कमोड असलेलं घर घ्या. सिझर झालं तर खाली बसता येत नाही. नानांना देशी पाहिजे असंल, तर दोन संडास दोन प्रकारचे असलेलं घर शोधा, सिडकोच्या जुन्या घरांत सापडतं. सिलेंडरचं टेन्शन घेऊ नका, पाच किलोचं छोटं मिळतं ओळखपत्रावर, गावाकडचं कनेक्शन हलवायची गरज नाही.

माहेर_घनसावंगी

सगळ्यांचे आभार. परवा रविवारी जाऊन आले, नानांना घेऊनच गेले. दवाखाना उत्तरेकडं निघाला म्हणून एन-६, एन-७ मधी चार घरं बघितली. पहिल्या घराचा नळ कितव्या दिवशी येतो ते मालकानं सांगितलं पाचव्या, खालच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं आठव्या. ते सोडलं. तिसरं घर आवडलं, तळमजला, पुढं छोटं अंगण आणि पेरूचं झाड, दोन संडास, जमिनीत ५ हजार लिटरची टाकी. गिझर नव्हता, काकू म्हणल्या बसवून देते. १४ हजार, १५ मार्चपर्यंत तोंडी ठरलंय, करार या शनिवारी.

नानांना म्हणलं चिठ्ठी घ्या आणि दूध आणून दाखवा. गेले, अकरा मिनिटांत परत आले, दूध आणलं नाही, पण डेअरीवाला परतूरचा आहे आणि त्याच्या चुलत्याला आपण ओळखतो हे सांगत आले. येताना कोपऱ्यावरच्या मारुतीला पण जाऊन आले. आईचं मात्र एकच चाललंय की शेक द्यायला बाजंवर निजवायचं, या फ्लॅटच्या पलंगाखाली शेगडी कशी सारायची. तर सिडकोत नाहीतर गुलमंडीकडं सुताची विणलेली बाज तीन महिन्यांसाठी कुठं भाड्यानं मिळंल का? का गावाकडनंच टेम्पोत घालून आणू?