मदत हवी आहे: पावसाळ्यात रोजचं छोटं गुआश चित्र

डबे भरून झाले की ओट्यावरच अर्ध्या तासात कांदा, कपबशी असं काहीतरी गुआशने (अपारदर्शक जलरंगाने) रंगवते; कागद जाड, ३०० जीएसएमचा, १०×१५ सेंमी. पुण्याच्या पावसाळी हवेत पहिला थर वाळतच नाही आणि वर फिकट रंग दिला की खालचा गडद सुटून चिखल होतो. दुसरा थर सायीसारखा दाट ठेवून ब्रश एकदाच फिरवते. ड्रायरने वरचा पापुद्रा वाळतो, आत ओल तशीच राहते.

खालच्या थराला अ‍ॅक्रिलिक गुआश कुणी वापरतं का? वाळल्यावर तो पाण्याने सुटत नाही, हे खरं. पण त्यावर साधा गुआश नीट धरतो, की पोपडे निघतात? बंद पॅलेटमधल्या बुरशीवरही उपाय सांगा. तैलरंग सुचवू नका, घरात रांगतं बाळ आहे, ते पातळ करायचं टर्पेंटाइन नकोच.