न्हावाशेवा लांब आहे म्हणून द्राक्ष नासत नाही

येरळाकाठ (धागा यांनी सुरू केला)

कवठेकरांनी काल लिहिलं होतं: "न्हावाशेवा बंदर मुंबईकरांचं. आपल्या वाट्याला नुसतं भाडं. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या रांजणीचं ड्राय पोर्ट (समुद्रापासून लांब, कस्टम्स आणि कंटेनरची सोय असलेलं कोरडं बंदर) झालं असतं तर सांगलीचं द्राक्ष बांधावरून थेट युरोपला गेलं असतं आणि एकही कंटेनर परत आला नसता."

हे वाचून गप्प बसवेना. २०१० साली युरोपात आपला माल अडकला तो लिहोसीन या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अंशामुळे. तिकडची मर्यादा ०.०५ पीपीएम (दहा लाख भागांत ०.०५ भाग), आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. माल बागेतच नापास झालेला होता. रांजणीत कंटेनर भरला असता तरी रॉटरडॅमला निकाल तोच लागला असता.

आता भाड्याचं. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, सांगलीत तयार होत नाही. तो उरण-पनवेल पट्ट्यातल्या रिकाम्या यार्डातून उचलायचा, यंत्राची पीटीआय (प्रवासाआधीची) तपासणी झालेली बघायची, वाटेत वीज देणारा जेनसेट लावायचा आणि साडेतीनशेच्या वर किलोमीटर रिकामा वर आणायचा. भरून तेवढंच अंतर खाली. भाडं दोन्ही फेऱ्यांचं लागतं. ड्राय पोर्ट झालं तरी ही रिकामी फेरी तशीच राहते, कारण आयातीचा भरलेला रीफर आपल्याकडे येतच नाही. इथं रिकामा होणारा डबा असेल तरच इथं भरायला डबा मिळेल.

आणि कस्टम्स? पॅकहाऊसवर, म्हणजे पेट्या भरायच्या शेडवरच, माल भरून ई-सील (इलेक्ट्रॉनिक कुलूप) लावता येतं, शिपिंग बिल हा निर्यातीचा कागद ऑनलाइन भरता येतो. डायरेक्ट पोर्ट एंट्रीत गाडी बंदराच्या पार्किंग प्लाझात मंजुरी घेऊन सरळ टर्मिनलला लागते, सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाला) थांबायची गरज नाही. ड्राय पोर्टमुळे वाचेल असं सांगतात ते काम बरंचसं आधीच इथं होतंय.

कवठेकर

येरळाकाठ, तुम्ही फक्त मोठ्या निर्यातदाराचा हिशेब मांडलात. चाळीस फुटी रीफरला १२ ते १३ टन द्राक्ष लागतं. दीड एकरवाल्याने एका तोडीत एवढा एकसारखा १८ मिमी मण्याचा माल कुठून आणायचा? तो व्यापाऱ्याच्या दारात जातो आणि व्यापारी सांगेल तो दर घेतो. आज सौदा, पैसे पुढच्या महिन्यात, आणि कधी कधी माणूसच गायब. तासगाव तालुक्यात ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही.

ड्राय पोर्ट म्हणजे नुसता कस्टम्सचा शिक्का नव्हे. तिथं सामाईक शीतगृह हवं, रीफरला वीज द्यायला प्लग पॉइंट हवेत, कंटेनरचं यार्ड हवं. चार-पाच बागायतदारांचा माल एका डब्यात घालायला जागा हवी. जालना आणि वर्ध्याच्या ड्राय पोर्टची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. आमच्या रांजणीच्या माळाचं नुसतं नाव ऐकतोय. आम्ही मागितलं की हिशेब, इतरांनी मागितलं की विकास, असं का?

मिरज_यार्ड

रेल्वेचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. ड्राय पोर्टला रुळ नसतील तर ते नुसतं गोडाऊन. कंटेनरची पूर्ण गाडी ४५ वाघिणींची, म्हणजे वीस फुटी ९० डबे किंवा चाळीस फुटी ४५. द्राक्षाचे ४५ रीफर म्हणजे साडेपाचशे टनांच्या आसपास माल. तोही एकाच दिवशी, एकाच बंदरासाठी आणि जवळच्या कट-ऑफच्या (माल बंदरात पोचवायच्या शेवटच्या वेळेच्या) जहाजांसाठी. वर रीफरला गाडीत वीज लागते, म्हणजे पॉवर पॅकचा डबा आणि त्यावर लक्ष ठेवणारा माणूस. द्राक्ष हंगाम जानेवारी ते एप्रिल. उरलेले आठ महिने ती गाडी कशाने भरायची, याचं उत्तर आधी द्या.

हळदपेव

मी देतो. हळद आणि बेदाणा. द्राक्षाच्या नादात दोन्ही विसरलात. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, दोन्ही साठवणीतून वर्षभर निघतात आणि दोन्हींना साधा वीस फुटी डबा चालतो, जेनसेट नको. बेदाणा वजनाने भरतो, हळकुंड आकाराने. कवठेकरांनी बेदाण्यावर जोर दिला असता तर त्यांची बाजू कितीतरी भक्कम झाली असती.

पण बेदाण्यालाही खोड आहे. शीतगृहातून काढून पावसाळी हवेत सरळ डब्यात भरला की पेटीवर घाम सुटतो. मग दाणे चिकटतात, साखर वर येते, बुरशी धरते. एक दिवस सावलीत बंद पेटीतच तापमानाला येऊ द्यायचा, मगच भरायचा. डबा आतून कोरडा हवा. दार लावून आत उभं राहायचं. उजेडाचा ठिपका दिसला की छत फुटकं आहे, डबा परत करायचा. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या. हे न करता "बंदरात माल भिजला" म्हणणारे बरेच आहेत.

खंबाटकी_पायथा

तुम्हा सांगलीकरांचं बंदरावर भांडण, आणि गाड्या अडकतात आमच्या साताऱ्यात. पेठ नाक्यावरून हायवेला लागलं की तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे टोल, पुढे एक्स्प्रेसवेचे वेगळे. सातारा-कागल रुंदीकरणात कराडजवळ काय हाल झाले ते साऱ्यांनी पाहिलेत. जेनसेट ताशी दोन-तीन लिटर डिझेल पितो, गाडी उभी असली तरी पितो.

मग जयगड का नको? सांगलीतून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पाणी खोल, आंबा घाट उतरला की आलंच.

येरळाकाठ

जयगडला कोळसा आणि खनिजाच्या सुट्या मालाचं जहाज लागणं वेगळं, दर आठवड्याला युरोपचं कंटेनर जहाज लागणं वेगळं. जहाज माल बघून बंदर ठरवतं. न्हावाशेव्याने २०२४-२५ मध्ये ७३ लाख टीईयू (वीस फुटी डब्यांच्या हिशेबाने) हाताळले, म्हणून तिथं एक जहाज चुकलं तर दुसरं मिळतं. जयगडला चुकलं तर माल बसून राहील. शिवाय चाळीस फुटी ट्रेलर आंबा घाटाच्या वळणांवर कसा फिरतो ते पावसाळ्यात उभं राहून बघा. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे झाली तर बोलू.

कवठेकर

पुन्हा आमचंच चुकलं! मग ज्या मालाचं देठ तिकडे तपकिरी निघतं तो कुणाचा दोष? बागायतदार सकाळी हिरव्या देठाचा घड देतो. ड्रायव्हर घाटाखाली डिझेल वाचवायला जेनसेट बंद करतो, बंदरात प्लग मिळत नाही, आणि भुर्दंड येतो बागायतदारावर. अंतर कमी झालं असतं तर हे झालं नसतं. तुम्ही पॅकहाऊसवाल्यांची वकिली करताय.

येरळाकाठ

वकिली नाही. हा आरोप दरवर्षी होतो, म्हणून एकदा नीट लिहितो. लांब झालं तरी वाचा.

रीफर थंड ठेवतो, थंड करत नाही. त्याच्या यंत्राची ताकद थंड माल थंड ठेवण्यापुरतीच असते. आत २० अंशांचा माल भरला तर मधल्या पेट्या खाली यायला कित्येक दिवस घेतात, तोवर देठ गेलेलं असतं.

म्हणून तोड उन्हाआधी. क्रेट सावलीत, ओल्या गोणपाटाच्या आडोशाने. तोडीपासून चार ते सहा तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे थंड वारा ओढून माल आधीच थंड करायच्या खोलीत. तिथं पेट्यांची भोकं एका रेषेत यायला हवीत, वरून ताडपत्री घट्ट हवी, नाहीतर वारा पेटीतून न जाता बाहेरूनच फिरतो. खोलीचा काटा २ दाखवतो आणि मणी १२ वर असतो. खोलीचा काटा बघायचाच नाही. सुईचा थर्मामीटर मधल्या पेटीतल्या मण्यात खुपसायचा. मणी ४ च्या खाली आला की शीतगृहात, तिथं शून्य ते १ अंश आणि आर्द्रता ९० च्या वर.

सगळ्यात मोठी चूक भरताना होते. यंत्र चालू ठेवून दार उघडं टाकतात. बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, कॉइलवर बर्फ धरतो, मण्यावर दव येतं. दव आलं की पेटीतला गंधकाचा पॅड एकदम सुटतो. त्याचं काम महिनाभर थोडा थोडा वायू सोडायचं, तो दोन दिवसांत मोकळा होतो. मण्याला देठाजवळ पांढरट डाग पडतात आणि पुढे बुरशीला अडवणारं काही उरत नाही. भरताना यंत्र बंद, डॉक शीतगृहाला चिकटलेला, मांडणी छताच्या लाल रेषेच्या खाली आणि खालच्या खाचा मोकळ्या. एवढं पाळलं तर न्हावाशेव्यापर्यंतचे दहा-बारा तास मालाला जाणवतही नाहीत.

जेनसेट बंद केला की नाही ते डेटा लॉगरच्या (डब्यातलं तापमान नोंदणाऱ्या यंत्राच्या) आलेखात दिसतं. रेषा मधेच एकदम वर जाऊन खाली आली तर वाटेत बंद पडला. पण आलेख पहिल्या तासापासूनच उंच असून हळूहळू उतरत असेल, तर माल गरमच भरला होता. आलेख मागा आणि त्याच्या सुरुवातीकडे बघा.

खंबाटकी_पायथा

हे पटलं. पण तांबड्या समुद्राचं काय? डिसेंबर २०२३ पासून तिथल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, प्रवास जवळपास पंधरवड्याने लांबला. तिथं तुमचा सुईचा थर्मामीटर काय करणार?

येरळाकाठ

तोच करणार. लांबच्या प्रवासात पहिल्या दिवशीची चूक दुप्पट वसूल होते.

माणदेशी

सगळे बंदर आपलं की मुंबईचं यावर भांडताय. ते उरणकरांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर उभं आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, त्यानंतर दि. बा. पाटलांच्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मिळायचं ठरलं. बंदर १९८९ ला सुरू झालं. कोयनेत गाव बुडालेल्या साताऱ्याने हे विसरू नये. आपलेच विस्थापित तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात जाऊन वसलेत. रांजणी असो वा पालघरचं वाढवण बंदर, आधी जमीनवाल्यांशी लेखी ठरवा.

कवठेकर

माणदेशी, मान्य. रांजणीची जागा सरकारी आहे, तरी रस्त्याला शेतकऱ्याचीच जमीन लागणार.

येरळाकाठ, आलेखाचं तुमचं खरं आहे, हे मनापासून लिहायला जड जातंय. रिकाम्या फेरीचंही खरं. पण छोट्या बागायतदाराचा प्रश्न तुम्ही टाळलात. प्रीकूलिंगची खोली आहे कुणाकडे? व्यापाऱ्याकडे. म्हणजे सहा तासांची मुदत त्याच्या हातात, आणि म्हणून दरही त्याच्या हातात. घड तोडून बसलेला माणूस घासाघीस करू शकत नाही.

येरळाकाठ

हे टाळलं होतं, कबूल. मग मागणी तीच करू या ना. बंदर नको, आधी गावगन्ना प्रीकूलिंग. शेतकरी कंपनीच्या मालकीची, दहा-बारा टनांची खोली, जनरेटरसह, कारण मार्चमध्ये वीज जाते. तोड, थंड, मगच सौदा.

हळदपेव

आणि रांजणीत पहिल्या टप्प्यात सुक्या मालाचं यार्ड. बेदाणा-हळदीचे डबे वर्षभर हलायला लागले की रिकामे डबे इथं साठतील, मग रीफरचं बघता येईल.

मिरज_यार्ड

रुळाला लागून असेल तरच. नसेल तर मी विरोधातच.