जुन्या विटांच्या घराला आतून इन्सुलेशन: करावं का, कशाने करावं?

रेवा_लेस्टर: मंडळी, सल्ला हवाय. इंग्लंडमध्ये लेस्टरला व्हिक्टोरियन एंड टेरेस (ओळीतलं शेवटचं घर, एकच बाजू शेजाऱ्याला लागून) घेतलंय. भिंती नऊ इंची भरीव विटांच्या, मधे पोकळी नाही. हीटिंग बंद केलं की तासाभरात खोली गार. उत्तरेकडच्या कोपऱ्यात कपाटामागे काळी बुरशी. दर्शनी विटा सुंदर आहेत, त्या बाहेरून झाकायच्या नाहीत. एक कंत्राटदार म्हणतो, १०० मिमी फॉइलवालं पीआयआर बोर्ड (कडक फोमचं इन्सुलेशन) आतून थेट चिकटवतो. होकार देऊ का? जानेवारीत सासूबाई येतायत, त्याआधी उरकेल?

चुना_लावतो: (नावावर जाऊ नका, चुन्याचंच काम करतो.) होकार देऊ नका, निदान आत्ता तरी. आज तुमच्या हीटिंगची थोडी ऊब विटेत जाते, पावसाने भिजलेली वीट त्यावर वाळते. आतून इन्सुलेशन केलं की वीट थंडच राहणार, आणि फॉइलमुळे विटेतली ओल खोलीकडे वाळायची वाटही बंद. वरच्या मजल्याच्या लाकडी जॉइस्टची (जमीन पेलणाऱ्या तुळयांची) टोकं याच भिंतीत रुतलेली असतात. ती कुजायला लागली तर बोर्डामागे दिसणारसुद्धा नाहीत.

आधी पाऊस चालू असताना बाहेर उभं राहून पन्हाळ आणि खाली येणारा पाइप बघा. मग विटांच्या दर्जा, म्हणजे मधले सांधे. मूळ चुन्याच्या दर्जांवर कुणी सिमेंट थापलं असेल तर ओल विटेतच कोंडते. बाहेरची जमीन वर येऊन डीपीसी (जमिनीतली ओल वर चढू न देणारा भिंतीतला थर) झाकली गेली असेल तर ती उकरा. भिंत कोरडी झाल्याशिवाय बोर्डाचं नावही काढू नका.

नॉर्थचा_नाना: पण इथल्या बांधकाम नियमात ०.३ यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता निसटते त्याचा आकडा, कमी तितका चांगला) मागतात ना? आमच्याकडे पीआयआरच केलंय, घर मस्त उबदार आहे.

चुना_लावतो: नाना, ०.३ हे उद्दिष्ट आहे. ओलीचा धोका असेल तर जुन्या घरांना कमी इन्सुलेशनवर भागवता येतं. बिल्डिंग कंट्रोलशी (बांधकाम नियम तपासणाऱ्यांशी) आधीच बोलून घ्यायचं. हिशोब बघा: उघड्या भिंतीची यू-व्हॅल्यू साधारण २.१ धरतात. ६० मिमी वुड फायबर (लाकडाच्या तंतूंचं बोर्ड) लावलं की ती ०.५ च्या आसपास येते, म्हणजे भिंतीतून जाणारी तीन चतुर्थांश उष्णता वाचली. तिथून ०.३ पर्यंत जाऊन जेमतेम आणखी दहा टक्के. तेवढ्यासाठी जाडी वाढवून खोली कशाला खायची?

आणि बोर्ड 'थेट' चिकटवणं, म्हणजे मलम्याचे गोळे ठेवून दाबणं, मला मुळीच पटत नाही. मागे पोकळी राहते आणि खोलीतली दमट हवा तिथे फिरते. आधी चुन्याचा गिलावा करून भिंत सपाट करायची, त्यावर वुड फायबर पूर्ण टेकवून बसवायचं, वरून पुन्हा चुना. रंगही श्वास घेणारा; विनाइल इमल्शन नको. टीव्ही, शेल्फ जिथे येणार तिथे लाकडी पट्ट्या आधीच टाकून घ्या.

मीनल_क्रॉयडन: खिडकीच्या कडा विसरू नका हं! आमच्याकडे भिंत केली आणि खिडकीच्या बाजूच्या कडा तशाच सोडल्या. आता पाणी नेमकं तिथेच धरतं. फ्रेममुळे जागा कमी असते, पण २० मिमीचं बोर्ड तरी आत वळवून घ्या. शेजाऱ्याकडची सामायिक भिंत मात्र सोडून द्या, तो हीटिंग लावतोच.

जानेवारीपर्यंत चुना वाळायचा नाही. तोवर माळ्यावर २७० मिमी इन्सुलेशनची लोकर, दारांच्या फटी बंद, आणि बाथरूमला आर्द्रता ओळखून आपोआप चालू होणारा पंखा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कपडे रेडिएटरवर वाळत घालत असाल तर ते आधी थांबवा, बुरशीचं निम्मं कारण तेच असतं. सासूबाईंची सोय सामायिक भिंतीकडच्या खोलीत करा.

रेवा_लेस्टर: कपडे रेडिएटरवरच असतात. 🙈 कोटेशनला नाही कळवते. लेस्टर-नॉटिंगहॅमकडे चुन्याचा गिलावा करणारं कुणी माहीत असेल तर व्यनि करा, प्लीज.