विषय: कोल्हापुरात झालेल्या घटस्फोटातला ताबा आणि पोटगी आता बदलून मिळेल का?

नमस्कार मंडळी,

वर्गणी आणि दिवाळी फराळाच्या मेलांमध्ये हा विषय घालावा की नाही, यात दोन दिवस गेले. पण या मेल-यादीवर कोल्हापूर-सांगलीकडचे बरेच जण आहेत आणि मला आमच्या गावचं कोर्ट माहीत असलेल्या माणसाशी बोलायचं आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

माझा घटस्फोट २०१८ मध्ये कोल्हापुरात, परस्पर संमतीने झाला. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याचा ताबा माझ्याकडे, वडिलांनी दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी भेटायचं, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, आणि मुलासाठी महिना ८,००० रुपये, असं ठरलं. स्वतःसाठी मी काही मागितलं नाही. २०२३ च्या शेवटी नोकरीमुळे इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला आले. मुलगा शाहूपुरीत माझ्या आईकडे राहिला, वर्षभरात त्याला घेऊन यायचं असं ठरलं होतं. ते वर्ष लांबत गेलं. आईचे गुडघे बसले, तसा तो रंकाळ्याकडे वडिलांच्या घरी जास्त राहू लागला. गेलं दीड वर्ष आठवड्यातले पाच दिवस तो तिकडेच असतो. एकदा फोनवर ते म्हणाले, “पोरगं माझ्याकडं जेवतंय, मग पोटगी कशाला?” मी म्हटलं, “बरं.” तेव्हापासून पैसे बंद.

आता मला त्याला इकडे आणायचं आहे. मी कामाच्या व्हिसावर आहे, त्याला माझ्यावर अवलंबून म्हणून एच-४ व्हिसा मिळेल. वडील म्हणतात, सोडणार नाही, कोर्टात जाऊन ताबाच माझ्याकडे करून घेतो. संमतीने झालेला हुकूमनामा असा बदलतो का? ताबा माझ्या नावावर असताना मी सरळ जाऊन त्याला घेऊन येऊ शकते का? आणि त्या ८,००० चं काय? हुकूमनाम्याची माझी प्रत २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा गेली.

कोणाला माहीत असेल तर कृपया लिहा. वकीलकाका यादीवर असतील तर खास त्यांना विनंती.

— मूळ शाहूपुरी, सध्या एडिसन

⁂

ताई,

कोल्हापूरच्या कोर्टाचं काकाच सांगतील. मी फक्त तुमच्या त्या “बरं”बद्दल लिहितो, कारण तसंच एक “बरं” मीही ऐकलं होतं.

माझा घटस्फोट इथे न्यू जर्सीत झाला, पोटगीचा हुकूमही इथलाच. २०२० मध्ये नोकरी गेली. मुलीची आई म्हणाली, जमेल तसं दे. मी आठ महिने निम्मे पैसे दिले, कोर्टात काहीच कळवलं नाही. तिचं मन मोठं होतं, मला ते पुरेसं वाटलं. पुढे आमच्यात दुसऱ्याच कारणावरून बिनसलं आणि राहिलेल्या निम्म्याचा हिशेब निघाला. अमेरिकेत १९८६ च्या ब्रॅडली दुरुस्तीपासून मुलाच्या पोटगीची मागची थकबाकी न्यायाधीशांनाही माफ करता येत नाही. हुकूम बदललाच तर फार मागे म्हणजे बदलाच्या अर्जाची नोटीस समोरच्याला मिळाली त्या दिवसापर्यंत. माझा अर्ज आठ महिने उशिरा गेला होता. ते आठ महिने मी पुढची दोन वर्षं हप्त्याने फेडले. नोकरी गेली त्याच आठवड्यात एक अर्ज टाकला असता तर हे झालं नसतं.

आणखी एक. “मुलाला इकडे आणा, सहा महिने राहू दे, मग इथल्या कोर्टातून हुकूम बदलून घ्या” असा सल्ला इथे सर्रास मिळतो, मलाही एकाने दिला होता. ताब्याबद्दल न्यू जर्सीत जो कायदा आहे, तो परदेशातल्या कोर्टालाही साधारणपणे दुसऱ्या राज्याच्या कोर्टासारखंच मानतो. पहिला हुकूम कोल्हापूरचा, वडील अजून कोल्हापुरात, म्हणजे इथलं कोर्ट सहजी त्यात हात घालणार नाही. तुमचा रस्ता कोल्हापुरातूनच जातो.

— मूळ इचलकरंजी, सध्या जर्सी सिटी

⁂

बाळ,

तुझी मेल इथे कोल्हापुरात सकाळी चहाबरोबर वाचली आणि दिवसभर डोक्यात राहिली. माझा काळा कोट आता खुंटीला आहे. अर्ज करायचा तो तुझ्या वकिलाच्या सल्ल्यानेच कर. मी लिहितो ते वाट कळावी म्हणून.

लग्न मोडल्याचा निकाल कायमचा असतो, मुलाबद्दलचा भाग तसा नसतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ त्यासाठीच आहे. मुलाचा ताबा, पालनपोषण, शिक्षण यांबद्दलचा हुकूम घटस्फोटानंतरही अर्ज आला की न्यायालय बदलू शकतं, रद्द करू शकतं, तात्पुरता थांबवू शकतं. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यालाही हे लागू. रोझी जेकब प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच सांगितलं की ताब्याचे हुकूम तात्पुरतेच समजायचे, आणि परिस्थिती बदलून ते मुलाच्या हिताचे राहिले नाहीत तर संमतीचे हुकूमही बदलतात. बायकोच्या स्वतःच्या पोटगीचं कलम २५ आहे, त्यातही परिस्थिती बदलल्यावर फेरफार होतो, पण तो तुझा विषय नाही.

हे ऐकून तुला बरं वाटलं असेल. पण हे दार त्यांनाही तितकंच उघडं आहे. कोर्ट बघणार मुलाचं हित. आईचा हक्क मोठा की बापाचा, हा हिशेब तिथे चालत नाही. दीड वर्ष मुलगा त्यांच्याकडे आहे. डबा तिथून जातो, प्रगतिपुस्तकावर सही त्यांची असते, ताप आला तर डॉक्टरकडे तेच नेतात. परिस्थितीतला सगळ्यात मोठा बदल हाच, आणि तो तू लांब गेल्यामुळे झाला. तुला दोष देत नाही, पोटासाठी माणूस जातो. पण वकिलासमोर बसण्याआधी हे मनाशी कबूल कर. नाहीतर पहिल्याच तारखेला त्यांच्या वकिलाच्या तोंडून ऐकावं लागेल आणि ते जास्त लागेल.

पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे, हा १९५६ च्या पालकत्व कायद्यातला नियम. तुझ्या मुलाचं ते वय गेलं. तो आता बाराचा आहे. १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्यात असं आहे की समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर न्यायालय त्याचं म्हणणं विचारात घेऊ शकतं. जजसाहेब अशा मुलाला चेंबरमध्ये एकट्याला बोलावतात, शाळेबद्दल, मित्रांबद्दल विचारतात. त्याला कोणीही पढवू नका, तू नाही आणि त्यांनीही नाही. पढवलेलं पोर दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच कळतं, हे मी किती वेळा पाहिलंय.

आता तुझा सरळ जाऊन घेऊन येण्याचा प्रश्न. ताबा कागदावर तुझा आहे, म्हणून शाळेतून उचलून विमानात बसव, असं सांगणारे भेटतील. ऐकू नकोस. रविवारची भेटही त्याच हुकूमनाम्यात लिहिली आहे, आणि मुलगा न्यू जर्सीला गेला की ती भेट संपली. त्यांची भीतीही समजून घे. एका देशातून दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत पाठवण्याचा १९८० चा हेग करार आहे, भारत त्यात नाही. उद्या तू मुलाला परत पाठवलं नाहीस तर कोल्हापुरात बसून त्या बापाने काय करायचं? कोर्ट हा प्रश्न विचारणारच. उत्तर तुझ्या अर्जातच पाहिजे.

म्हणून हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयात कलम २६ खाली अर्ज कर आणि मुलाला परदेशी न्यायची परवानगी माग. नुसती परवानगी मागू नकोस, पुढची सगळी व्यवस्था लिहून दे. तिकडच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की किती आठवडे कोल्हापुरात, तिकीट कोणाचं, आठवड्यातून कोणत्या वारी किती वाजता व्हिडिओ कॉल. आईबाप वेगवेगळ्या देशांत असतील तर भेटीबरोबर व्हिडिओ कॉलने संपर्काचाही हक्क द्यावा, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलं आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात, केनियात राहणाऱ्या वडिलांना ताबा देताना तिथल्या कोर्टाकडून तशीच ‘मिरर ऑर्डर’ आणायला सांगितली होती, म्हणजे इथला हुकूम तिथेही बांधील राहावा. पुढे त्या वडिलांनी अटी पाळल्या नाहीत आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला तो हुकूम मागे घ्यावा लागला. त्यामुळे न्यायाधीश आता जास्तच जपून पावलं टाकणार. न्यू जर्सीच्या कोर्टाकडून असा आदेश आणायची तयारी तू आपणहून दाखव.

पैशाचं. तोंडी “बरं” म्हणून हुकूम बदलत नाही. इचलकरंजीकरांनी अमेरिकेचं सांगितलं, इथलंही मूळ तेच. हुकूम बदलेपर्यंत महिना ८,००० कागदावर चालूच आहेत, आणि त्या पैशावर हक्क मुलाचा आहे, तुझ्या एका शब्दाने तो सुटत नाही. पण दीड वर्ष त्यांनी मुलाला प्रत्यक्ष सांभाळलं, हेही खरं आहे. तो खर्च कसा धरायचा हे न्यायालय ठरवतं, स्वतःच वजावट करून मोकळं होता येत नाही. माझं मत विचारशील तर त्या थकबाकीसाठी दरखास्त, म्हणजे कोर्टामार्फत वसुलीचा अर्ज, लावू नकोस. हक्क असला तरी लावू नकोस. समजुतीचं दार तिथेच बंद होईल.

पुढच्या रकमेसाठी दोघांनाही मिळकतीचं आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून, म्हणजे ४ नोव्हेंबर २०२० पासून, त्याचा नमुनाच ठरलेला आहे. तुझा डॉलरमधला पगार त्यात येणार. मुलाला पोसण्याची जबाबदारी कायद्याने दोघांची आहे, म्हणून रक्कम वाढेलच असं धरून चालू नकोस.

वाचणाऱ्या इतरांसाठी मध्येच सांगतो. ज्यांची पोटगी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची आहे, त्यांचा रस्ता वेगळा. १ जुलै २०२४ पासून ते नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं, रक्कम कमी-जास्त करायचं कलम १४६. तिथे वसुलीचं वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज लागतो. पुष्कळ बायका भिडेपोटी थांबतात आणि ते वर्ष निघून जातं.

कागदपत्रं. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात हुकूमनाम्याच्या नकलेचा अर्ज द्यायला सांग. जुना नंबर नसेल तर दोघांच्या नावावरून ई-कोर्टाच्या साइटवर केस शोधता येते. तुझ्या वतीने कोणी काम बघणार असेल तर मुखत्यारपत्र तिकडे भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपॉस्टिल (दुसऱ्या देशात चालणारं सरकारी प्रमाणन) करून पाठव, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे. हे हमखास विसरतं. जबाब व्हिडिओ कॉन्फरन्सने देता येतो, पण परवानगी आधी मागावी लागते. एका तारखेला तरी तू स्वतः ये. कोर्टाच्या समुपदेशकासमोर दोघं एका टेबलाशी बसलात तर संयुक्त अर्ज होईल, आणि मग महिन्यांचं काम दिवसांत होतं.

हायकोर्टात जायची वेळ आलीच तर आता मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस धरायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथेच, सीपीआर रुग्णालयासमोर सुरू झालं. त्यासाठी आम्ही कित्येक वर्षं आंदोलनाच्या मंडपात बसलो होतो. त्या सोमवारी मी नुसता बाहेर उभा राहून आलो, डोळे भरून आले. पण तुझं प्रकरण तिथवर जाऊ नये.

आणि सातवीची परीक्षा होऊ दे. वर्षाच्या मध्ये त्याला उचलू नकोस.

— वकीलकाका, कोल्हापूर

⁂

ताई,

मी त्या मुलाच्या जागी होते, म्हणून चार ओळी.

माझ्या ताब्याचा हुकूमनामा झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. दर रविवारी दहा ते सहा बाबांकडे. सातवी-आठवीपर्यंत मला ते आवडायचं. रंकाळ्यावर भेळ, मग त्यांच्या खोलीवर पत्ते. दहावीला रविवारचा क्लास सुरू झाला आणि मला जाणं जमेना. पण मला वाटायचं, गेलं नाही तर बाबांना किंवा आईला पोलीस धरतील, कारण “कोर्टानं सांगितलंय” एवढंच मी घरात ऐकलं होतं. वर्षभर क्लास बुडवला. मोठी झाल्यावर कळलं की एका अर्जाने वार बदलला असता, शनिवार संध्याकाळ चालली असती. आईबाबा दोघांनाही ते माहीत नव्हतं.

तुमच्या मुलाला हे सगळं बदलता येतं, एवढं तुम्ही स्वतः सांगा. आत्ता सांगा, वकिलांकडून कळण्याआधी.

— मूळ मंगळवार पेठ, सध्या फिलाडेल्फिया

⁂

सगळ्यांना,

काका, तुमची मेल मी तीनदा वाचली. दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा तो गेला.

रविवारी मुलाशी बोलले. ताब्याबद्दलचं कोर्टाचं ठरलेलं बदलता येतं आणि तुलाही विचारतील, असं त्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, तालमीच्या पोरांच्या टीममध्ये त्याला घेतलंय, फुटबॉलचा हंगाम संपेपर्यंत तरी तो कुठे जाणार नाही. हे मला माहीतच नव्हतं. कोणत्या जागेवर खेळतोस विचारलं, तर लेफ्ट बॅक म्हणाला. नंतर हळूच विचारलं, “तिकडं पण खेळतात का?”

त्याच्या वडिलांनाही फोन केला. मागचे पैसे मागणार नाही, पण जे ठरेल ते दोघांच्या सहीने कोर्टात देऊ, असं सांगितलं. मुलगा उन्हाळ्यात कोल्हापुरात येईल हे लिहून देते म्हटल्यावर ते पहिल्यांदाच ओरडले नाहीत. “किती आठवडे?” असं विचारलं. मी आठ म्हटलं, ते दहा म्हणतात. डिसेंबरच्या शेवटी मी तीन आठवड्यांसाठी येते आहे, तेव्हा समुपदेशकाची वेळ मागायला दोघंही तयार आहोत.

मंगळवार पेठेच्या ताई, तुमच्यामुळे तो फोन झाला.

गावच्या वकीलबाईंनी काल कसबा बावड्यात नकलेचा अर्ज दिला. पावतीचा फोटो आला आहे, त्यावर केस नंबर आहे.

— शाहूपुरी / एडिसन