'हँडमेड' दागिना : घडीव, ओतीव, की गाठवलेला?

प्रश्न :
माझी भाची चांदीचे दागिने करते. तार ओढण्यापासून उजाळा देण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं. तिच्या माहितीपत्रकाचा मराठी मजकूर मी लिहिते आहे. 'हस्तनिर्मित आभूषणे' सरकारी वाटतं, आणि 'हँडमेड' तर आता विकतचे मणी ओवलेल्या माळेवरही लिहिलेलं असतं. चपखल शब्द सुचवाल का?

उत्तर १ :
'घडीव' लिहा. आपण नथ करायला टाकतो, पण सोनार ती घडवतो, आणि त्या कामाची मजुरी म्हणजे घडणावळ. घडीवच्या शेजारी आणखी तीन शब्द आहेत, तेही वापरात राहायला हवेत. धातू वितळवून साच्यात ओतला तो ओतीव. पत्रा ठशावर ठोकून नक्षी उमटवली तो ठशाचा. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी अशी. आणि मणी-डोरली दोऱ्यात बांधून दिली ती गाठवलेली, पटवेकऱ्याचं काम. चारही हाताचीच कामं, पण कौशल्य प्रत्येकाचं वेगळं. 'हस्तनिर्मित' म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

तुमची भाची जे करते त्यात काय काय येतं पाहा. चांदीची तार जंतराच्या एकाहून एक लहान छिद्रांतून ओढत बारीक करायची. ओढता ओढता ती ताठर होते, तेव्हा लालसर तापवून पुन्हा मऊ करायची, नाहीतर तुटते. मग सांध्याला डाख द्यायचा. डाख म्हणजे मूळ चांदीपेक्षा कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू. सांध्याला टाकणखार नीट लागला नसेल तर डाख पसरत नाही, गोळी होऊन बसतो. ज्योत एका जागी जरा जास्त रेंगाळली तर डाखाबरोबर दागिनाही वितळतो. एवढं सगळं 'घडीव' या शब्दात आहे, म्हणून तो मला इतका मोलाचा वाटतो.

'डाख'ही जपण्यासारखा शब्द. दागिना मोडताना घट धरतात त्याचं एक कारण हा डाखच. ती घट टाळायला सोन्यात कॅडमियमचा डाख आला आणि दुकानांच्या पाट्यांवर 'केडीएम' हे शुद्धतेचं बिरुद झालं. त्या कॅडमियमची वाफ मात्र कारागिराच्या फुप्फुसात जात होती.

उत्तर २ :
वरच्याशी सहमत, फक्त 'ओतीव'ला कमी लेखू नये. बस्तरचं ढोकरा काम ओतीवच आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा हातानं वळवून नक्षी करतात, वर मातीचा लेप देतात, मेण वितळून गेलं की त्या पोकळीत धातू ओततात. वस्तू काढायला साचा फोडावाच लागतो, त्यामुळे हुबेहूब दुसरी निघत नाही. कारखान्यात एकाच रबरी साच्यातून मेणाच्या कितीही प्रती काढता येतात. तेव्हा ओतीव दागिन्याबद्दल विचारायचं ते एवढंच : साचा फोडला की ठेवला?

उत्तर १ (पुन्हा) :
बरोबर, हे माझ्या उत्तरात यायला हवं होतं. पत्रकासाठी आणखी दोन गोष्टी. '९२५' जरूर छापा, पण तो आकडा हजार भागांत ९२५ भाग चांदी एवढंच सांगतो. हॉलमार्कही शुद्धतेचाच. घडण कशी आहे, हे त्यातून कळत नाही. ते शब्दांतच लिहावं लागेल. 'घडीव चांदी, ९२५. तार, सांधे, उजाळा एकाच हाताचे' इतकं पुरे.

दुसरं, 'ऑक्सिडाइज्ड' टाळा. चांदीवरचा तो काळेपणा गंधकाच्या संयुगानं आणतात, तो ऑक्साइडचा थर नसतो. शिवाय बाजारात त्याच नावाखाली जर्मन सिल्व्हर विकलं जातं, जे तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण असतं. त्यात चांदी नसते. 'काळवलेली चांदी' लिहिलंत तर गिऱ्हाइकाला नेमकं कळेल.