प्रतिसाद: जानेवारीतल्या शर्यती म्हणजे नुसती सहल नव्हे

युरोपातला हंगाम बंद असताना तरुण चालकांनी न्यूझीलंडला जाऊन मोटारींच्या शर्यती लढवणे म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची सहल, हे मत मला अर्धेच पटते. खर्च डोळे पांढरे करणारा आहे, यात वाद नाही. परंतु युरोपातले ट्रॅक थंडीने गारठलेले असतात तेव्हा तिकडे उन्हाळा असतो, आणि टोयोटा रेसिंग सिरीज या तिथल्या शर्यतींच्या मालिकेत अनेक वर्षे 5 आठवड्यांत 15 शर्यती होत असत. शिवाय सर्वांना एकाच बनावटीची एकासनी गाडी मिळत असल्याने पैशाने वेग विकत घेण्याची सोय बरीच कमी होते. पुढे फॉर्म्युला वनमध्ये पोचलेले लान्स स्ट्रोल (2015) आणि लँडो नॉरिस (2016) याच मालिकेचे विजेते ठरले, तर 2017 ची न्यूझीलंड ग्रां प्री ही तिथली मानाची शर्यत आपल्या भारताच्या जेहान दारूवालाने जिंकली.

तिकडची दुपार म्हणजे आपली भली सकाळ. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भाचा पांघरुणातूनच फोनवर शर्यत पाहतो (चहा गार होतो, ते वेगळे). त्याचे सारे लक्ष पहिल्या वळणावर असते. थंड, म्हणजे पकड कमी असलेल्या टायरवर ब्रेक किती उशिरा दाबायचा, हे एकट्याने सराव करून उमगत नाही, त्यासाठी आजूबाजूला दहा-पंधरा गाड्या लागतात.