लॅमिंग्टन-स्प्रिंगब्रुकची जंगलं: तुमचे अनुभव लिहा

ब्रिस्बेनला पाहुणे आले की आपण त्यांना उचलतो आणि गोल्ड कोस्टच्या वाळूत नेऊन सोडतो. तिथून तासाभरावर डोंगरात स्प्रिंगब्रुक आहे, लॅमिंग्टन आहे, तिकडे फिरकत नाही. हा लॅमिंग्टन म्हणजे आपल्या लॅमिंग्टन रोडवालाच बरं का! आधी क्वीन्सलँडचा गव्हर्नर, मग 1903 ते 1907 मुंबईचा. त्याच्या नावाचं राष्ट्रीय उद्यान 1915 सालचं. तिथे पायपीट केलेल्यांनी लिहा. 'निसर्गाचा आविष्कार' वगैरे नको, फजिती असेल तर धावेल.

*

आईला घेऊन पर्लिंग ब्रुक धबधब्याला गेलो होतो. चार किलोमीटरचा फेरा, पण उलट्या बाजूने शिरलो आणि सगळ्या पायऱ्या चढाच्या वाट्याला आल्या. ऑगस्ट महिना, म्हणजे इथला कोरडा हिवाळा. शंभरेक मीटरवरून पाण्याची एक दोरी लोंबत होती. "एवढ्यासाठी? आंबोली काय वाईट होती?" मी गप्प. परतताना तिला एक झाड दिसलं, पारंब्यांसारख्या मुळांची नुसती जाळी. आत डोकावली तर पोकळ. ज्या झाडावर ते वाढलं ते कधीच कुजून गेलेलं. "अरे, हा तर आपल्या वडा-उंबराचाच भाऊबंद," म्हणाली आणि तिथेच बसून डबा काढला. धबधब्याचं नाव तिला आठवत नाही, झाड आठवतं.

*

लॅमिंग्टनमधली बॉर्डर ट्रॅक ही पायवाट. बिना बरा ते ग्रीन माउंटन्स, 21.4 किलोमीटर, एका बाजूचे! गाडीने जायचं तर डोंगर उतरून पुन्हा चढायचा. म्हणून दोन कुटुंबांनी दोन टोकांकडून निघायचं, मध्ये भेटून चाव्यांची अदलाबदल करायची, असा माझा बेत. भेटलो. अंटार्क्टिक बीच नावाच्या झाडांच्या शेवाळलेल्या बुंध्यांपाशी तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, थर्मासातला चहा, गप्पा. टाटा करून निघालो. तीन किलोमीटर गेल्यावर खिशात हात घातला तर चावी आमचीच. फोनला रेंज नाही.

*

जळवा. मोज्यात पाच, कानामागे एक. मीठ गाडीत राहिलं होतं.

*

जळवा परवडल्या! बदामाच्या आकाराचं मोठं, मऊ दिसणारं पान पाहून मी कौतुकाने हात फिरवला. ते स्टिंगिंग ट्री. खाजकुयली त्यापुढे लाडात येते. पानावरचे बारीक काटेरी केस कातडीत रुततात. वॅक्सच्या पट्ट्या लावून काढले, तरी पुढे कितीतरी दिवस गार पाणी लागलं की बोटं ठणकायची. तिथे चोळू मात्र नका, केस आणखी आत जातात.

*

आम्ही नॅचरल ब्रिजला रात्री गेलो. जेमतेम किलोमीटरभर वाट. गुहेच्या छतातून धबधबा आत कोसळतो. टॉर्च विझवला आणि हळूहळू छतावर निळसर ठिपके उगवले. लेक म्हणाली, "बाबा, हे लुकलुकत का नाहीत?" भंडारदऱ्याचे काजवे जोडीदार शोधतात, म्हणून उघडझाप. ह्या अळ्या चिकट धागे सोडून, दिवा लावून, भक्ष्याची वाट बघत बसतात. एकाने टॉर्च मारलाच. तेवढा कोपरा विझला.

*

अहो चावीवाले, पुढे काय झालं?

*

धावत मागे गेलो. ते समोरून धावत येत होते. दोघांनी एकदमच चाव्या पुढे केल्या. उरलेल्या पुऱ्या तिथेच संपवल्या आणि पोचेपर्यंत अंधार.